टेस्ट डेटा जनरेटरमधील तारखांच्या पल्ल्याच्या चुका

सॉफ्टवेअरची चाचणी घेण्यासाठी लागणारी खोटी पण खरी वाटणारी माहिती (नावे, रकमा, तारखा) आपोआप तयार करून देणाऱ्या प्रोग्रामला टेस्ट डेटा जनरेटर म्हणतात. 'अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत' असा पल्ला दिला, की त्यातली एक तारीख त्याने यादृच्छिकपणे, म्हणजे चिठ्ठी काढल्यासारखी, उचलायची. बोलताना सगळे याला 'डेट रेंज'च म्हणतात. पल्ल्याबाहेरची तारीख आली, आतली एखादी तारीख कधीच आली नाही किंवा एखादीच वारंवार आली, तर ती पल्ल्याची चूक. खानदेशात एखाद्या जिनिंगचे कापूस-खरेदीचे खाते किंवा केळीच्या विक्रीच्या पट्ट्या (हिशेबाच्या पावत्या) सांभाळणारे सॉफ्टवेअर लिहायचे असेल, तर शेतकऱ्यांचे खरे आधार क्रमांक आणि बँक खाती चाचणीला वापरणे योग्य नाही. तिथे असा बनावट डेटा लागतो, आणि त्यातल्या तारखा चुकीच्या असल्या तर चाचणी पास होऊनही हिशेब चुकतो.

चुकीचे मूळ मोजणीत आहे. १०० फुटांच्या सरीत ५-५ फुटांवर केळीची रोपे लावायची तर २० नव्हे, २१ लागतात, कारण दोन्ही टोकांना रोप येते. तारखांचेही तसेच. त्यात मराठीची स्वतःची एक गंमत आहे. बाजार 'दर आठ दिवसांनी' भरतो असे आपण म्हणतो, पण मंगळवारचा बाजार पुढच्या मंगळवारी भरतो, म्हणजे वजाबाकी केली तर सातच दिवसांनी. बोलणारा दोन्ही टोके मोजतो, संगणकाची वजाबाकी एकच. गिऱ्हाईक 'आठ दिवसांत चुकारा' (मालाचे पैसे) म्हणाले आणि कोडमध्ये सरळ ८ पडले, की एक दिवस तिथेच जास्तीचा झाला.

कापसाचा हंगाम १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर असा धरतात. २०२३-२४ चा हंगाम घेतला तर दोन टोकांमधली वजाबाकी ३६५ येते, पण २९ फेब्रुवारी २०२४ धरून हंगामाचे दिवस भरतात ३६६. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत यादृच्छिक आकडा देणाऱ्या 'रँडरेंज'ला ३६५ दिले तर ते ० ते ३६४ मधला आकडा देते. तो १ ऑक्टोबरमध्ये मिळवला की सर्वांत उशिराची तारीख २९ सप्टेंबर. हंगामाचा शेवटचा दिवस कधीच येत नाही. पायथनमधलेच 'रँडइंट' मात्र वरचे टोक धरते, म्हणून ० ते ३६५ दिले की हिशेब जुळतो. जावाचे 'नेक्स्टइंट' टोक वगळते. जावास्क्रिप्टचे 'मॅथ.रँडम' ० देऊ शकते, १ कधीच देत नाही. नवशिका चूक शोधतो, इंटरनेटवर कुठेतरी 'अधिक १ करा' असे वाचतो आणि 'रँडइंट'मध्येही १ मिळवून बसतो. मग १ ऑक्टोबर २०२४ ची, म्हणजे पुढच्या हंगामाची खरेदी याच खात्यात येते. आधीच्या चुकीपेक्षा ही दुरुस्ती जास्त त्रासाची, कारण गाळलेला दिवस निदान गप्प असतो. जास्तीचा दिवस बेरजेत शिरतो.

यावर टिकाऊ उपाय एकच दिसतो. कोडच्या आत सगळीकडे सुरुवात धरायची आणि शेवट वगळायचा, म्हणजे हंगाम '१ ऑक्टोबर २०२३ पासून, १ ऑक्टोबर २०२४ च्या आधी' असा साठवायचा. 'पर्यंत'चा मराठी अर्थ फक्त स्क्रीनवर सांभाळायचा. एसक्यूएलमध्येही, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायच्या भाषेतही, हेच सोयीचे. तिथले 'बिट्वीन' दोन्ही टोके धरते, पण रकाना तारीख-वेळेचा असेल तर '३० सप्टेंबर' म्हणजे तो दिवस सुरू होतानाचे रात्रीचे बारा, आणि दिवसभर काट्यावर आलेल्या गाड्या बाहेर राहतात.

वर्ष, महिना, दिवस वेगवेगळे उचलून तारीख जोडणे हा दुसरा सापळा. १५ जून २०२३ ते १० सप्टेंबर २०२४ या पल्ल्यात महिना ६ ते ९ मधूनच काढला तर डिसेंबर-जानेवारी कायमचे गायब होतात, आणि दिवस १५ ते १० मधून काढायचा तर आकडाच नाही. ३१ फेब्रुवारीवर पायथन सरळ त्रुटी देते. जावास्क्रिप्ट मात्र काही न बोलता २०२३ च्या ३१ फेब्रुवारीचा ३ मार्च करते. ही कटकट नको म्हणून बरेच जण दिवस १ ते २८ मधूनच काढतात. कोड चालतो, पण ३६६ पैकी ३० दिवस कधीच तपासले जात नाहीत. हंगाम संपवणारा ३० सप्टेंबर आणि आर्थिक वर्ष मिटवणारा ३१ मार्च, दोन्ही त्या ३० मध्येच. ज्या दिवशी हिशेब चुकण्याची शक्यता सर्वांत जास्त, नेमका तोच दिवस वगळणारी ही पळवाट आहे. पल्ल्याचे एकूण दिवस काढायचे, एक आकडा उचलायचा आणि तो सुरुवातीत मिळवायचा, एवढे पुरते.

भारतीय वेळ यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, साडेपाच तास पुढे असल्याने आणखी एक गोंधळ होतो. जळगावातल्या लॅपटॉपवर १ एप्रिल २०२४ चे रात्रीचे बारा म्हणजे यूटीसीत ३१ मार्चचे संध्याकाळचे साडेसहा. जावास्क्रिप्टमध्ये अशी तारीख यूटीसीत लिहिणाऱ्या 'टूआयएसओस्ट्रिंग'ने लिहून पहिली दहा अक्षरे कापली, की प्रत्येक तारीख एक दिवस मागे सरकते आणि नव्या आर्थिक वर्षाची पहिली पावती जुन्या वर्षात जाते. तोच कोड यूटीसीवर लावलेल्या सर्व्हरवर अचूक चालतो, म्हणून 'माझ्याकडे येत नाही' हे उत्तर इथे खरेच असते. फक्त दिवस महत्त्वाचा असेल तिथे वेळ साठवूच नये.

एका तारखेवरून दुसरी काढतानाही पल्ला फुटतो. खरेदीनंतर ० ते १५ दिवसांत चुकारा, असे ठरवले तर सप्टेंबरअखेरच्या खरेदीचा चुकारा ऑक्टोबरात जातो. तो ओढून ३० सप्टेंबरवर आणला, तर त्या एका तारखेवर चुकाऱ्यांचा ढीग लागतो आणि अहवालातला तो उंच खांब पाहून कुणीतरी खऱ्या प्रोग्राममध्ये चूक शोधत बसतो. चुकाऱ्याचा पल्ला हंगामापेक्षा वेगळा ठेवणे हेच बरोबर. सुरुवात शेवटानंतरची दिली तर काही जनरेटर दोन्हींची गुपचूप अदलाबदल करतात. ही मदत नव्हे. तिथे त्रुटीच यावी.

चूक सापडायला डेटा पाहणे पुरत नाही. ३६६ दिवसांच्या पल्ल्यातून ५०० नोंदी काढल्या, तर निर्दोष जनरेटरमध्येही एखादी ठरावीक तारीख एकदाही न येण्याची शक्यता सुमारे २५ टक्के असते. म्हणून पल्ला लहान करावा. सुरुवात आणि शेवट एकच तारीख दिली की तीच आली पाहिजे. दोन दिवसांचा पल्ला देऊन हजार वेळा चालवला की दोन्ही दिवस आलेच पाहिजेत. त्यानंतर २८ फेब्रुवारी ते १ मार्च: २०२४ मध्ये तीन तारखा, २०२३ मध्ये दोन. १९०० लीप वर्ष नव्हते आणि २००० होते, हेही याच ओघात तपासून घ्यावे. जनरेटरचा 'सीड', म्हणजे यादृच्छिक आकड्यांची मालिका ज्यावरून सुरू होते तो आकडा, नोंदवून ठेवला तर बिघडलेली तारीख पुन्हा काढता येते. पण शेवट 'आज' असा असेल तर सीड असूनही उद्या वेगळा निकाल येईल, त्यामुळे चाचणीत 'आज'ही ठरवून द्यावा लागतो. २९ फेब्रुवारीला चालवलेल्या चाचणीत '१८ वर्षांपूर्वीची आजची तारीख' नुसते वर्ष बदलून काढायला गेलात, तर ती तारीख अस्तित्वातच नसते.

कॅलेंडरला मान्य असलेली प्रत्येक तारीख त्या नोंदीला शोभतेच असे नाही, आणि खानदेशाची उदाहरणे इथे फार उपयोगी पडतात. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. त्याआधीच्या तारखेच्या दस्तऐवजावर 'जिल्हा नंदुरबार' छापणारा जनरेटर चुकतो. जळगावच्या विद्यापीठाची स्थापना १५ ऑगस्ट १९९० ची. त्याआधी इथली कॉलेजे पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. बहिणाबाई चौधरींचे नाव विद्यापीठाला २०१८ मध्ये मिळाले, तेव्हा २००५ च्या गुणपत्रिकेवर ते नाव येता कामा नये. म्हणजे पल्ला एकच नसतो, रकान्यातल्या प्रत्येक नावाला स्वतःचा पल्ला असतो.

जन्मतारखांची गोष्ट याच्या उलट. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत जुन्या पिढीतल्या अनेकांची जन्मतारीख १ जून आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनीच ती लिहिली. खऱ्या यादीत त्या एका दिवशी वाढदिवसांची रीघ लागते. जनरेटर मात्र पल्ला अचूक असूनही १ जूनला इतर कोणत्याही दिवसाइतकेच वाढदिवस देतो, आणि पेन्शनधारकांना शुभेच्छांचे एसएमएस पाठवणारा प्रोग्राम चाचणीत सुरळीत चालून पहिल्याच १ जूनला अडकू शकतो.