किंडर स्काउटची वाट आणि ईडेलचा पब

इंग्लंडमध्ये सुट्टीच्या दिवशी मेंढ्यांच्या कुरणांतून पाच-सात मैल चालायचं आणि शेवटी गावातल्या पबमध्ये टेकायचं, ही जुनी रीत. वाट कुणाच्या तरी खासगी शेतातून जाते, पण कुणी हटकत नाही. दगडी बांध ओलांडायला लाकडी पायऱ्या असतात. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेच्या १:२५,००० नकाशावर तीच वाट हिरव्या तुटक रेषेनं छापलेली असते. ही मोकळीक मात्र आयती मिळालेली नाही.

१६०४ ते १९१४ या काळात संसदेनं जमिनी कुंपणात घेण्याचे पाच हजारांवर कायदे केले. गावोगावची सामाईक गायरानं अशी जमीनदारांकडे गेली. मँचेस्टर आणि शेफील्ड या कारखान्यांच्या दोन शहरांच्या मध्ये असलेलं किंडर स्काउटचं पठारही बंद होतं. तिथं ग्राउज पक्ष्यांची शिकार चाले, तीही वर्षातून मोजके दिवस. पण राखणदार बारा महिने लोकांना हुसकावत. आठवडाभर यंत्रापुढे राबणाऱ्या माणसानं समोरच्या डोंगरावर पाय ठेवायचा नाही, हा सरळ अन्याय होता.

२४ एप्रिल १९३२ रोजी हेफील्डजवळच्या दगडखाणीत सुमारे चारशे जण जमले. वीस वर्षांच्या बेनी रॉथमननं भाषण केलं आणि सगळे विल्यम क्लफच्या घळीतून वर चढले. राखणदारांशी झटापट झाली, परतताना धरपकड झाली. दुसऱ्याच्या जमिनीत नुसतं शिरणं हा फौजदारी गुन्हा नव्हता. म्हणून दंगलीची कलमं लावली. पाच जण तुरुंगात गेले, रॉथमन चार महिने. या शिक्षांमुळेच लोकांची सहानुभूती त्यांच्याकडे वळली, असं मला वाटतं.

१९४९ च्या कायद्यानं पायवाटांची अधिकृत नोंद सुरू झाली. १९५१ मध्ये किंडर स्काउट ज्यात येतं तोच डोंगराळ प्रदेश, पीक डिस्ट्रिक्ट, देशातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झाला. १९६५ मध्ये पेनाइन वे खुला झाला. २६८ मैलांची ही वाट किंडर स्काउटच्या पायथ्याच्या ईडेल गावातल्या ओल्ड नॅग्ज हेड या पबपाशी सुरू होते आणि स्कॉटलंडमधल्या कर्क येथम गावी बॉर्डर हॉटेलपाशी संपते. दोन्ही टोकांना पब!

खेड्यातले पब इतके पसरले त्यात १८३० च्या बिअर कायद्याचा मोठा हात आहे. दोन गिनी भरून कुणाही करदात्या घरमालकाला आपल्या घरात बिअर गाळून विकता येऊ लागली. पहिल्या महायुद्धात कारखान्यांचं काम अडू नये म्हणून दुपारी पब बंद ठेवण्याचा नियम आला, तो १९८८ पर्यंत टिकला. रविवारी तर आणखी काही वर्षं. तोवर चालणाऱ्यांना घड्याळावर नजर ठेवूनच डोंगर उतरावा लागे.

२००० च्या कायद्यानं माळरानं आणि पठारं पायी फिरायला खुली झाली. २००२ मध्ये, किंडर स्काउटची जमीन तेव्हा ज्यांच्या घराण्याकडे होती त्या डेव्हनशायरच्या ड्यूकनं आजोबांच्या काळातल्या वागणुकीबद्दल जाहीर माफी मागितली. तरीही या कायद्यानं इंग्लंडची जेमतेम ८ टक्के जमीनच मोकळी झाली आहे. नदीकाठ आणि रानं बव्हंशी त्याबाहेर आहेत, आणि त्यांच्यासाठीची मागणी अजून चालू आहे.