नागरिक सभा (आयर्लंड)

देशापुढच्या अवघड, बहुधा राजकारणी टाळत आलेल्या प्रश्नांवर विचार करून संसदेला शिफारशी करणारी सामान्य नागरिकांची सभा. तिचे सदस्य निवडणुकीतून येत नाहीत. वय, स्त्री-पुरुष प्रमाण, सामाजिक स्तर आणि प्रदेश यांचा मेळ राखून ते लोकांमधून उचलले जातात. सभेला कायदा करण्याचा अधिकार नाही.

ही पद्धत आयर्लंडमध्येच रुजली यामागे तिथली १९३७ ची राज्यघटना आहे. तिच्यातली कोणतीही दुरुस्ती सार्वमताशिवाय होत नाही. आपल्याकडे संसदेतल्या दोन-तृतीयांश मतांवर बहुतेक दुरुस्त्या भागतात. तिथे प्रश्न थेट मतदारापुढे ठेवावा लागतो. २००८ च्या आर्थिक पडझडीनंतर पुढाऱ्यांवरचा विश्वास उडाला होता. अशा वेळी २०१२ मध्ये या सभेची पहिली पायरी ठरलेली घटना परिषद भरली : ६६ नागरिक, ३३ राजकारणी आणि एक अध्यक्ष. तिच्या शिफारशीवरून २२ मे २०१५ रोजी सार्वमत झाले आणि समलिंगी विवाहाला ६२ टक्के मते मिळाली. राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराची वयोमर्यादा ३५ वरून २१ वर आणण्याचा प्रस्तावही परिषदेच्याच शिफारशीतून आलेला. तो मात्र त्याच दिवशी त्याच मतदारांनी ७३ टक्क्यांनी फेटाळला. शिफारस आली म्हणून लोक डोळे झाकून शिक्का मारत नाहीत.

ऑक्टोबर २०१६ मध्ये सुरू झालेल्या सभेत राजकारणी नव्हतेच : ९९ नागरिक आणि अध्यक्षस्थानी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीश मेरी लॅफॉय. पहिलाच विषय गर्भपाताचा. १९८३ च्या आठव्या घटनादुरुस्तीने गर्भाला आईइतकाच जगण्याचा हक्क दिला होता. २०१२ मध्ये गॉलवे येथे मूळच्या बेळगावच्या दंतवैद्य सविता हलप्पनवार यांचा गर्भ आपोआप पडणे अटळ दिसत होते. तरीही गर्भाचे ठोके चालू आहेत म्हणून त्यांनी मागितलेली गर्भमुक्ती नाकारली गेली. जंतुसंसर्गाने त्यांचा मृत्यू झाला आणि देश हादरला. तरी हा विषय अंगावर घ्यायला पक्ष कचरत होते.

सभा डब्लिनजवळच्या मालाहाइड इथल्या एका हॉटेलात शनिवार-रविवारी भरे. सदस्य गोल टेबलांभोवती बसत. प्रत्येक टेबलाशी चर्चा मार्गी लावणारी एक व्यक्ती आणि एक टिपणकार असे. एकट्याचाच आवाज चढला तर त्याला थांबवून गप्प बसलेल्याला बोलते करणे हे त्या पहिल्या व्यक्तीचे काम. तज्ज्ञांची भाषणे, दोन्ही बाजूंची माणसे, प्रत्यक्ष भोगलेल्या स्त्रियांच्या कहाण्या हे सर्व ऐकून शेवटी गुप्त मतदान. बाहेरच्या नागरिकांनी पाठवलेली बारा हजारांहून अधिक निवेदनेही सभेपुढे होती. या एका प्रश्नाला पाच शनिवार-रविवार दिले गेले. वेळ हीच या पद्धतीची खरी किमया म्हणता येईल. संसदेत एका विषयाला इतका निवांतपणा क्वचित लाभतो. सभेच्या शिफारशी अनेकांच्या अपेक्षेपेक्षा उदार निघाल्या. २५ मे २०१८ च्या सार्वमतात ६६.४ टक्के मतदारांनी आठवी दुरुस्ती रद्द करण्याच्या बाजूने कौल दिला. तेव्हा पंतप्रधान होते लिओ वराडकर. त्यांच्या वडिलांचे मूळ गाव मालवण तालुक्यातले वराड.

पद्धतीत दोष नाहीत असे नव्हे. २०१८ च्या सुरुवातीला सात सदस्य ठरलेल्या रीतीने न घेता ओळखीपाळखीतून भरल्याचे उघड झाले आणि त्यांना वगळावे लागले. गर्भपातावरची सभेतली चर्चा तोवर संपली होती, म्हणून निभावले.

त्याहून मोठी अडचण सरकारच्या हातात असते. स्त्री-पुरुष समानतेवरील सभेने २०२१ मध्ये सुचवले होते की, घटनेतला ‘घरातील स्त्री’बद्दलचा (स्त्रीच्या घरातल्या जीवनाने राज्याला आधार मिळतो, असे म्हणणारा) मजकूर काढावा आणि घरातल्या व समाजातल्या देखभालीसाठी वाजवी उपाय करणे राज्यावर बंधनकारक करावे. ८ मार्च २०२४ च्या सार्वमतात सरकारने ठेवलेल्या मजकुरात बंधन गायब होते. राज्य पाठबळ देण्यासाठी ‘झटेल’ एवढेच होते, तेही कुटुंबातल्या देखभालीपुरते. सुमारे ७४ टक्के मतदारांनी तो मजकूर नाकारला.