व्यवसाय समुपदेशनातील स्व-संकल्पना

व्यक्तीच्या मनातील स्वतःविषयीची प्रतिमा हा व्यवसायनिवडीचा पाया मानणारी समुपदेशनातील विचारधारा. समुपदेशक ‘स्व’ कशाला समजतो, त्यावर त्याची साधने ठरतात. स्व मोजता येतो असे मानले की चाचण्या पुढे येतात. तो आयुष्यभर घडत राहतो असे मानले की मुलाखत लांबते.

या विचाराच्या उगमाबद्दल एकमत नाही. काही लेखक तो फ्रँक पार्सन्स (१८५४–१९०८) यांच्यापर्यंत मागे नेतात. पार्सन्स यांनी जानेवारी १९०८ मध्ये बॉस्टन येथे व्यवसाय मार्गदर्शन कार्यालय सुरू केले. त्यांचा व्यवसायनिवडीवरील ग्रंथ १९०९ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झाला. उमेदवाराने लांबलचक प्रश्नावली सोडवावी, आरशात स्वतःला निरखावे, आपली वागणूक आणि आवाज कसा वाटतो हे मित्रांना खाजगीत विचारावे, असे ते सांगत. प्रश्न विचारताना ते स्वतः मात्र समोरच्याच्या डोक्याची ठेवण न्याहाळत! त्यांच्या लेखी स्व म्हणजे मुख्यत्वे गुणदोषांची यादी होती. त्यामुळे त्यांना जनकत्व देणे जरा ताणल्यासारखे होते.

सामान्यतः श्रेय अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड सुपर (१९१०–९४) यांना दिले जाते. व्यवसाय म्हणजे स्व-संकल्पना प्रत्यक्षात उतरवणे, हे सूत्र त्यांनी १९५१ च्या लेखात मांडले. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांचा ग्राहककेंद्री (सल्ला घेणाऱ्याच्या स्वतःच्या अनुभवाला केंद्रस्थानी ठेवणाऱ्या) मानसोपचारांवरील ग्रंथही त्याच वर्षीचा, म्हणून काहींना मूळ प्रेरणा तेथे दिसते. तथापि एडवर्ड बॉर्डिन यांनी १९४३ मध्येच अभिरुची चाचणीबाबत असाच विचार मांडला होता : उत्तरे देणारा व्यवसायांच्या रूढ प्रतिमांच्या आधारे स्वतःविषयीचे एक मत स्वीकारत असतो. कालक्रम पाहता बॉर्डिन यांना अग्रक्रम देणे अधिक ग्राह्य वाटते. सुपर यांनी त्या बीजाला विकासाची चौकट दिली. मानसशास्त्रज्ञ शार्लट ब्यूलर यांनी मांडलेले आयुष्याचे टप्पे त्यांना तेथे उपयोगी पडले. १९६३ पर्यंत ते एकाऐवजी अनेक स्व-संकल्पनांबद्दल लिहू लागले होते.

स्व मोजता येतो असे मानणाऱ्या बाजूला जॉन हॉलंड यांचे, व्यवसायांशी जुळवून पाहायचे सहा व्यक्तिमत्त्वप्रकार (१९५९) सुपरिचित आहेत. याउलट समुपदेशनतज्ज्ञ मार्क साविकास यांच्या पद्धतीत स्व कथनातून आकार घेतो. त्यामुळे लहानपणी कोणाचे कौतुक वाटे, आवडती गोष्ट कोणती, असे प्रश्न येतात.

मानसशास्त्रज्ञ हेझल मार्कस व शिनोबु कितायामा यांनी १९९१ मध्ये स्वतंत्र (इतरांपासून वेगळा) आणि परस्परावलंबी (नात्यांतून घडणारा) स्व यांत भेद केला. त्यानंतर या सिद्धांतांमागील एकट्या, स्वयंनिर्णयी व्यक्तीच्या गृहीतकावर टीका वाढली. भारतात मानसशास्त्रज्ञ गिडियन अरुलमणी यांनी समुपदेशनाची सांस्कृतिक बाजू मांडली आहे. महाराष्ट्रात दहावीसाठी २०१६ पासून घेण्यात आलेल्या कलचाचणीचा घाट मापनवादीच (स्व मोजता येतो असे मानणारा) होता : उत्तरे विद्यार्थी एकटा देई, अकरावीची शाखा मात्र पुष्कळदा घरात सर्वांनी बसून ठरते.