आमरीचा फोटो बाजूने काढा

सोलापूरहून पंढरपूर, म्हसवड, दहिवडी करत साताऱ्याला जाताना बराचसा रस्ता पर्जन्यछायेच्या कोरड्या मुलखातून जातो. पावसाळ्यात साताऱ्यापुढे घाट चढून कासला पोचलं की जांभ्याच्या सड्यावर पावलोपावली पाणी. समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटर उंचीचं हे पठार २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या पश्चिम घाटाचा भाग आहे. आपल्याकडचे हौशी फोटोग्राफर इथे येतात ते तेरडा आणि सीतेच्या आसवांचे गालिचे टिपायला. गवतातून डोकं वर काढणारी पांढरी आमरी, म्हणजे आपलं रानातलं ऑर्किड, त्यांना दिसते. पण तिचा फोटो निघतो तो समोरून, एकच, घाईत.

माझं सांगणं इतकंच, की तो बाजूनेही काढा. हबेनारिया या जमिनीवर उगवणाऱ्या आमरींची ओळख पटवायला फुलाची मागची बाजू फार उपयोगी पडते. फुलाच्या खालच्या पाकळीतून मागे एक बारीक नळी लोंबते. हबेनारिया लाँगिकॉर्निक्युलाटामध्ये ही नळी १० सेंटिमीटरच्या आसपास लांब असते, फुलाच्या मानाने अगदी अचाट. मध असतो तो नळीच्या तळाशी, त्यामुळे तिथवर सोंड पोचेल असाच निशाचर पतंग हवा. तो सोंड आत घालतो तेव्हा परागांचे दोन चिकट गठ्ठे त्याला चिकटतात आणि पुढच्या फुलापर्यंत जातात. मादागास्करच्या एका ऑर्किडची जवळजवळ ३० सेंटिमीटर लांब नळी पाहून चार्ल्स डार्विनने १८६२ मध्ये तेवढ्याच सोंडेचा पतंग असणार असं लिहिलं होतं. तो पतंग १९०३ मध्ये विज्ञानाला कळला. समोरून काढलेल्या फोटोत ही सगळी गोष्ट फुलाआड राहते.

बाजूचा फोटो घेताना नळी पूर्ण फ्रेममध्ये येऊ द्या. उजेड मागून आला तर पातळ नळीतली मधाची पातळीही बऱ्याचदा दिसते. पांढरी पाकळी कॅमेऱ्याला फसवते, तिच्यातल्या शिरा उडून जातात. म्हणून एक्स्पोजर थोडं कमी ठेवायचं. ऊन कडक असेल तर छत्रीची सावली पुरते. वाऱ्यात फूल स्थिर राहत नाही, तेव्हा झुळूक थांबायची वाट पाहावी. मोबाइलनेही उत्तम फोटो येतात. मग एक फोटो पानांचा, एक आजूबाजूच्या गवतासकट संपूर्ण झाडाचा. अभ्यासकाला ओळख पटवायला हाच संच लागतो.

गवत बाजूला सारायचं नाही, दांडी वाकवायची नाही, पायवाट सोडायची नाही. लांबून लेन्सने मिळेल तेवढंच घ्यायचं. वाटेवर आडवं व्हायचं तर कोपराखाली सोलापुरी चादरीची घडी बरी पडते. इतकी काळजी का? आमरीचं बी धुळीसारखं बारीक असतं आणि त्यात अंकुरासाठी साठवलेलं अन्न जवळपास नसतंच. मातीतली ठरावीक बुरशी त्याला सुरुवातीचं पोषण देते, तेव्हाच ते रुजतं. फुलाभोवतीची हातभर ओली माती ही पुढच्या पिढीची जागा असते, आणि फोटोसाठी गुडघे टेकले जातात ते नेमके तिथेच. कंद उपटून कुंडीत लावणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, कारण रानातल्या बुरशीची ही सोबत कुंडीत मिळत नाही. जगभरातल्या जवळजवळ सगळ्या ऑर्किडांचा व्यापार साइटिस या वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या नियंत्रणाखाली आहे, तरी चोरी थांबलेली नाही. म्हणून फोटो टाकताना त्यातलं जीपीएस ठिकाण काढून टाका.

आणि आमरी म्हटली की दरवेळी घाटच गाठायला हवा असंही नाही. रास्ना, म्हणजे वांडा टेसेलाटा, कोरड्या पानगळीच्या रानातही झाडांच्या फांद्यांवर तग धरते. तिची पर्णरंध्रं, म्हणजे पानांवरची बारीक छिद्रं, मुख्यतः रात्री उघडतात, त्यामुळे दुपारच्या उन्हात पाणी फारसं उडत नाही. हवेत लोंबणाऱ्या मुळांवर मृत पेशींचं स्पंजासारखं वेष्टन असतं. कोरडं असताना मूळ पांढरट दिसतं. पाऊस पडला की वेष्टन पाणी शोषून पारदर्शक होतं आणि आतलं हरितद्रव्य दिसून मूळ हिरवं होतं. रास्ना सापडली तर फुलाआधी मुळाचे फोटो घ्या, एक सरीआधी आणि एक सरीनंतर.