पार्श्वभूमी: मंगळावरच्या गाडीची डिरेक्टरी फुगली तेव्हा

21 जानेवारी 2004. मंगळावरच्या गुसेव विवरात उतरून नासाच्या स्पिरिट या चालकाविना चालणाऱ्या गाडीला जेमतेम अठरा मंगळदिवस झाले होते आणि ती अचानक बोलेनाशी झाली. पॅसाडेनाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत पहिला संशय गेला तो ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरा इथल्या संपर्क केंद्रावरच्या वादळी पावसावर. पण पाऊस ओसरला तरी गाडी गप्पच. मग हळूहळू उलगडले: गाडी चालू होत होती, कोसळत होती, पुन्हा चालू होत होती. साठाहून अधिक वेळा. रात्री झोपतही नव्हती, त्यामुळे बॅटरी उतरत चालली होती.

या दुखण्याचे मूळ 1977 सालात आहे. त्या वर्षी मायक्रोसॉफ्टमध्ये मार्क मॅकडोनाल्ड यांनी ‘फॅट’ या फाइलव्यवस्थेची, म्हणजे डिस्कवर फाइली मांडून त्यांची नोंद ठेवण्याच्या पद्धतीची, रचना केली, आणि पुढे डॉस या ऑपरेटिंग सिस्टिमबरोबर ती जगभर पसरली. डॉसच्या या फाइलव्यवस्थेत फाइल पुसली तरी डिरेक्टरीतली, म्हणजे फाइलींच्या यादीतली, तिची नोंद नाहीशी होत नाही. नावाचा पहिला बाइट बदलून ‘जागा मोकळी’ एवढी खूण केली जाते. वहीतली ओळ खोडावी, पण पान फाडू नये, तसे. ती ओळ नव्या फाइलला मिळते, डिरेक्टरी मात्र आपणहून लहान होत नाही. फ्लॉपीच्या काळात याने कुणाचे काही अडले नाही.

स्पिरिटवर व्हीएक्सवर्क्स ही ऑपरेटिंग सिस्टिम होती, 128 एमबी रॅम होती आणि 256 एमबी फ्लॅश या कायम टिकणाऱ्या साठवणीवर हीच डॉसच्या वळणाची फाइलव्यवस्था. तिची डिरेक्टरी रॅममध्ये उघडी ठेवली जाई. सात महिन्यांच्या प्रवासातल्या फाइली, त्यावर मंगळावरच्या नव्या. डिरेक्टरी फुगत गेली. शेवटी तिने मागितलेली रॅम मिळेना आणि यंत्रणा रीसेट झाली. उठल्या उठल्या तीच फ्लॅश पुन्हा जोडायची, म्हणजे वापरासाठी उघडायची, पुन्हा रॅम अपुरी, पुन्हा रीसेट.

जुन्या फाइली काढणारा प्रोग्रॅम पंधराव्या दिवशीच पाठवला होता. त्याच्या दोन भागांपैकी एक नीट पोचला नाही, म्हणून एकोणिसाव्या दिवशी पुन्हा पाठवायचे ठरले. बिघाड झाला अठराव्या दिवशी. हे वाचताना मला आजही हळहळ वाटते.

उपाय सुचला तो साधा आणि धाडसी होता: फ्लॅश जोडूच नकोस, नुसत्या रॅमवर ऊठ, असा आदेश धाडायचा. 24 जानेवारीला तो लागू पडला. आधी फाइली पुसल्या, मग फेब्रुवारीत फ्लॅश फॉरमॅट केली. ही गाडी 22 मार्च 2010 पर्यंत पृथ्वीशी बोलत राहिली.

युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या घराण्यात भरलेल्या डिस्कचा विचार आधीच झाला होता. बर्कलीच्या फास्ट फाइल सिस्टिमने सुमारे 10 टक्के जागा राखून ठेवली, लिनक्सच्या एक्स्ट-2 ने 5 टक्के, रूटसाठी, म्हणजे मुख्य व्यवस्थापकाच्या खात्यासाठी. एवढ्यावर निर्धास्त राहून चालत नाही. एक्स्ट घराण्यात आयनोडची, म्हणजे प्रत्येक फाइलमागे लागणाऱ्या नोंदींची, संख्या फॉरमॅट करतानाच ठरते. लाखो बारीक फाइली साचल्या की गिगाबाइट शिल्लक असूनही ‘जागा नाही’ असे उत्तर येते. म्हणून सर्व्हर अडला की मी बाइटांच्या आधी आयनोड मोजतो, आणि तो बूटच होत नसेल तर डिस्कचा भरलेला भाग न जोडता रेस्क्यू मोडमध्ये, म्हणजे दुरुस्तीपुरत्या किमान यंत्रणेवर, उठवतो.