स्टॉल आणि स्लिप: टॉर्क कन्व्हर्टर निवडताना होणारी गल्लत

‘तीन हजार स्टॉलचा कन्व्हर्टर टाकला, तर तीन हजार आरपीएम होईपर्यंत गाडी हलणारच नाही ना?’ ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची (जिथे पायाच्या क्लचऐवजी तेलाने भरलेला टॉर्क कन्व्हर्टर इंजिनाचा जोर गिअरबॉक्सकडे नेतो) एकच गाडी रोज रस्त्यावर चालवायची आणि अधूनमधून ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे सरळ शर्यतीच्या पट्ट्यावर, पळवायची, असं ठरवलेल्या बहुतेकांच्या मनात हा प्रश्न येतो. गाडी हलते. साध्या गाडीसारखीच, हलक्या पायाने हलते. भीती वाटते ती स्टॉल (टर्बाइन थांबलेलं असताना इंजिन किती आरपीएमपर्यंत चढतं) आणि स्लिप (धावताना कन्व्हर्टर किती घसरतो) या दोन गोष्टी एकच समजल्यामुळे. याच गैरसमजापायी कुणी फार कमी स्टॉलचा कन्व्हर्टर घेऊन गाडीचा सगळा जोर सुरुवातीलाच घालवतो, तर कुणी मोठा आकडा पाहून असा कन्व्हर्टर घेतो की तो फिनिश लाइनपर्यंत घसरतच राहतो.

आधी आत काय चालतं ते पाहू. कन्व्हर्टरच्या डब्याला आतून जोडलेली पाती, म्हणजे इम्पेलर, इंजिनबरोबर फिरतात आणि तेल बाहेरच्या कडेकडे फेकतात. ते तेल समोरच्या टर्बाइनच्या पात्यांवर आदळतं. टर्बाइन गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टवर बसलेलं असतं. मध्ये स्टेटर असतो. तो टर्बाइनमधून परतणाऱ्या तेलाची दिशा वळवून ते इम्पेलरला मदत होईल असं पाठवतो, म्हणून गाडी जागची हलताना इंजिनचा टॉर्क साधारण दुपटीच्या आसपास वाढून मिळतो. इंजिन आणि चाकं यांच्यात धातूचा थेट दुवा नाही, फक्त तेल आहे. हर्मान फोटिंगर या जर्मन अभियंत्याने 1905 साली या कल्पनेचं पेटंट घेतलं ते जहाजांसाठी. जहाजाचं वाफेचं टर्बाइन वेगात फिरायचं आणि पाण्यातला पंखा सावकाश, तो फरक पेलणं हे याचं मूळ काम. वेगातला फरक हा कन्व्हर्टरचा दोष नाही. तो कुठे हवा आणि कुठे नको, एवढाच प्रश्न आहे.

स्टॉल म्हणजे टर्बाइन पूर्ण थांबलेलं असताना, फुल थ्रॉटलवर, इंजिन जास्तीत जास्त किती आरपीएमपर्यंत चढू शकतं तो आकडा. त्या आरपीएमला इंजिन जेवढा टॉर्क देतं, तेवढाच इम्पेलर खाऊन टाकतो. म्हणून टॅकोमीटरची, म्हणजे आरपीएम दाखवणाऱ्या मापकाची, सुई तिथे थांबते. यातच महत्त्वाची गोष्ट दडली आहे: स्टॉल हा एकट्या कन्व्हर्टरचा गुण नाही, तो इंजिन आणि कन्व्हर्टर यांच्या जोडीचा आहे. इम्पेलर खातो तो टॉर्क आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे 500 न्यूटन-मीटर देणाऱ्या इंजिनामागे 3000 स्टॉल देणारा कन्व्हर्टर 720 न्यूटन-मीटरच्या इंजिनामागे 3600 देतो. डबा तोच, आकडा वेगळा. खोक्यावर छापलेला स्टॉल नेमका कोणत्या इंजिनामागचा, हे माहीत नसेल तर त्या आकड्याला अर्थ नाही.

हेच गणित उलटं लावा, म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. सिग्नलवरून निघताना तुम्ही 500 न्यूटन-मीटर मागतच नाही. समजा 125 मागितले. टॉर्क चौथा हिस्सा, म्हणून त्या क्षणाचा स्टॉल निम्मा: 1500. शिवाय गाडी हलली की टर्बाइन फिरू लागतं आणि फरक आणखी कमी होतो. सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने जाताना तर इंजिनावर इतका कमी भार असतो की 3000 स्टॉलचा कन्व्हर्टर 2500 आरपीएमलाही बराच घट्ट धरतो. ‘स्टॉलच्या खाली सगळं घसरतंच’ हे सर्रास ऐकू येतं, पण ते चूक आहे.

आणखी एक बारीक गोष्ट. ब्रेक दाबून थ्रॉटल दिला की सुई जिथे थांबते, तो बहुतेक वेळा खरा स्टॉल नसतोच. त्याआधीच ब्रेक हार मानतात किंवा मागची चाकं फिरू लागतात. ट्रान्सब्रेक असेल तर गिअरबॉक्स आतूनच अडकतो आणि आकडा बराच खरा कळतो. दोन गाड्यांचे आकडे ताडून पाहताना कुणी कसं मोजलं, हे आधी विचारावं.

आता स्लिप. स्टॉल हा सुरुवातीचा आकडा, स्लिप ही धावतानाची. इंजिनाचे आरपीएम आणि इनपुट शाफ्टचे आरपीएम यांतला फरक, इंजिनाच्या आरपीएमच्या टक्क्यांत. ती मोजायला महागडं उपकरण लागत नाही. समजा, चाकाचा घेर 2.2 मीटर, मागचा रेशो (मागच्या अ‍ॅक्सलमधल्या गिअरचं गुणोत्तर) 3.73, शेवटचा गिअर 1:1, आणि फिनिशला वेग ताशी 190 किलोमीटर. म्हणजे मिनिटाला सुमारे 3167 मीटर. त्याला 2.2 ने भागून 3.73 ने गुणलं की इनपुट शाफ्टचे सुमारे 5370 आरपीएम येतात. टॅकोमीटर त्या वेळी 5800 दाखवत असेल, तर स्लिप साधारण 7.4 टक्के. 6400 दाखवत असेल तर 16 टक्के. वेगात टायर फुगतो आणि घेर थोडा वाढतो, त्यामुळे खरी स्लिप या हिशेबापेक्षा किंचित जास्त असते.

पहिला आकडा, 7.4 टक्के, लॉक-अप (आतल्या क्लचने इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडण्याची सोय) नसलेल्या कन्व्हर्टरसाठी चांगला आहे. दुसरा नाही, आणि त्याची किंमत उष्णतेत मोजावी लागते. या टप्प्यावर टॉर्क वाढवून मिळत नसतो, त्यामुळे स्लिपचे टक्के म्हणजे थेट वाया गेलेल्या ताकदीचे टक्के. इंजिन 300 किलोवॉट देत असेल तर 7.4 टक्क्यांना 22 किलोवॉट तेल तापवण्यात जातात आणि 16 टक्क्यांना 48.

मला सर्वात जास्त सांगायचं आहे ते हे: जास्त स्टॉल म्हणजे जास्त स्लिप, हा नियम नाही. स्टॉल वाढवायचे मार्ग अनेक आहेत आणि सगळे सारखे नाहीत. इम्पेलरची पाती मागे वाकवली, पाती आणि टर्बाइन यांच्यातलं अंतर वाढवलं, की स्टॉल वाढतो. पण असा कन्व्हर्टर सगळ्याच वेगांना सैल होतो. दुसरा मार्ग व्यास कमी करण्याचा. इम्पेलर खातो तो टॉर्क व्यासाच्या पाचव्या घाताप्रमाणे बदलतो, त्यामुळे बाकी सगळं तसंच ठेवून 12 इंचांवरून 10 इंचांवर आलं तर त्याच आरपीएमला जेमतेम 40 टक्के टॉर्क खाल्ला जातो आणि स्टॉल दीडपटीहून वर जातो. अशा छोट्या डब्यात पात्यांचा कोन घट्टपणासाठी ठेवता येतो आणि स्टेटर योग्य निवडला तर सुरुवातीला मोकळा, शेवटी घट्ट असा कन्व्हर्टर बनतो. तो महाग पडतो. सैल आणि घट्ट अशा दोन्ही डब्यांवर स्टॉलचा आकडा मात्र एकच छापलेला असतो. म्हणून बनवणाऱ्याला नुसता स्टॉल विचारू नका, या गाडीत फिनिशला स्लिप किती राहील, तेही विचारा. आणि त्याला गाडीचं वजन, मागचा रेशो, टायरचा व्यास, कॅमशाफ्ट आणि टॉर्कचा आलेख पुरवा. यातलं काहीही न विचारता कन्व्हर्टर देणाऱ्याकडून मी तरी घेणार नाही.

स्टॉल किती असावा? इंजिनाचा जोर जिथे सुरू होतो त्याच्या जरा वर, आणि गिअर बदलल्यावर आरपीएम जिथे येऊन पडतात तेही पाहून. टर्बो 400 या तीन गिअरच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे रेशो 2.48, 1.48 आणि 1. कन्व्हर्टर पूर्ण घट्ट मानला तर 6000 ला गिअर बदलल्यावर आरपीएम आधी सुमारे 3580 वर आणि पुढच्या वेळी 4050 वर येतात. तापट कॅमशाफ्टच्या (म्हणजे वरच्या आरपीएमलाच जोर देणाऱ्या) इंजिनाला 3600 च्या खाली दम नसेल, तर 2400 स्टॉलने भागणार नाही.

रस्त्यावरचे किलोमीटर जास्त असतील आणि गिअरबॉक्सला लॉक-अपची सोय असेल, तर लॉक-अपचाच कन्व्हर्टर घ्या. आतला क्लच बसला की क्रूझिंगला स्लिप शून्य होते, मग स्टॉल मोठा ठेवायला मन धजावतं. फक्त तो क्लच फुल थ्रॉटलला तग धरणारा आहे का, हे स्पष्ट विचारा, नाहीतर स्ट्रिपवर तो जळतो. लॉक-अप असो वा नसो, तेलाचा वेगळा कूलर हवाच.

कन्व्हर्टर बसवल्यावर पहिल्या काही धावांचे आकडे लिहून ठेवा. गाडी सुरुवातीला मरगळलेली आणि फिनिशला स्लिप पाच टक्क्यांच्या आसपास, तर स्टॉल वाढवायला वाव आहे. सुरुवात झकास पण फिनिशला स्लिप दहाच्या वर, तर स्टॉल कमी करून घेण्याची घाई करू नका. बनवणाऱ्याकडे आकडे पाठवा. डबा कापून, स्टेटर किंवा पात्यांचा कोन बदलून, तो पुन्हा वेल्ड करता येतो, आणि सुरुवातीचा जोर फारसा न गमावता शेवटची घसरण कमी होऊ शकते.