विंडोजमध्ये फायरवॉल आधी बंदच यायची

इंदूरच्या रामबागेत आमच्या शेजारचे काका परवा लॅपटॉप घेऊन आले, म्हणे वायफायवरचा प्रिंटर दिसत नाहीये, कोणीतरी सांगितलंय की फायरवॉल ऑफ करून टाका. मी म्हटलं काका, ऑफ नका करू, ती ऑन का असते ते आधी ऐका.

फायरवॉल हा शब्द मुळात बांधकामातला, आग पलीकडे पसरू नये म्हणून मधे घातलेली भिंत. लाकडी मजल्यांच्या राजवाड्याला 1984 मधे आग लागली होती, त्यामुळे इंदूरवाल्यांना अशा भिंतीची किंमत वेगळी सांगायला नको. कॉम्प्युटरच्या बाबतीत 1988 चा मॉरिस वर्म, म्हणजे एका मशीनमधून दुसऱ्यात स्वतःहून पसरणारा प्रोग्रॅम, हजारो मशीनमधे शिरला आणि मोठ्या संस्था नेटवर्कच्या दारातच नको ते अडवणारी गाळणी, म्हणजे फायरवॉल, बसवायच्या मागे लागल्या. घरच्या पीसीचा मात्र कोणी फारसा विचार केला नव्हता.

2001 मधे विंडोज एक्सपी आलं त्यात फायरवॉल होती, पण बंद! कनेक्शनच्या प्रॉपर्टीजमधे ॲडव्हान्स्ड टॅबवर एक टिक करायची असायची, तिथे कोण जाणार. मग ऑगस्ट 2003 मधे ब्लास्टर नावाचा वर्म आला. आमचा दादा प्रोजेक्ट टाइप करत होता, नेट जोडलं आणि स्क्रीनवर डबा आला, 60 सेकंदांत मशीन बंद होणार, आकडा उलटा पळतोय आणि फाइल सेव्ह नाही. काही डाउनलोड केलं नव्हतं, कुठली मेल उघडली नव्हती, वर्म पोर्ट 135 मधून, म्हणजे कॉम्प्युटरच्या नेटवर्ककडच्या एका नंबरच्या दारातून, सरळ आत. हे भोक बुजवणारा मायक्रोसॉफ्टचा पॅच जुलैतच आला होता, पण डायलअपवर अपडेट कोण उतरवणार, ती एक टिक असती तरी तो बाहेरच राहिला असता, मला हे आजही लागतं. 2004 मधे सॅसर पोर्ट 445 वरून तसाच आला आणि त्याच वर्षी ऑगस्टमधे एक्सपीचं मोठं अपडेट, सर्व्हिस पॅक 2, आलं, तेव्हापासून फायरवॉल आपोआप ऑन.

एक्सपीनंतरच्या विंडोज व्हिस्टापासून नेटवर्क पब्लिक की प्रायव्हेट हा भेद आला. पब्लिक म्हणजे स्टेशन, हॉटेलचं वायफाय, तिथे विंडोज तुमचा कॉम्प्युटर इतरांपासून लपवतं, आणि प्रायव्हेट म्हणजे आपलं घर. काकांचं घरचं वायफाय पब्लिकवर होतं, बस एवढंच. सेटिंग्जमधे नेटवर्क प्रोफाइल प्रायव्हेट केलं, प्रिंटर लगेच दिसला. एखादं ॲप अडलंच तर विंडोज सिक्युरिटीत जाऊन तेवढ्या एकालाच अलाऊ करायचं, तेही ते कशाचं आहे माहीत असेल तरच. काकांनी तिथल्या तिथे विजेचं बिल छापून नेलं, फायरवॉल ऑनच आहे.